एकट्या ज्येष्ठांच्या घरी बिनतारी आपत्कालीन यंत्रणा कशी बसवावी

गळ्यात घालायचे बटण, त्याचा संदेश पकडून फोन लावणारे सिमकार्डाचे युनिट, भोंगा, बॅटरी आणि दारावरचा चुंबकीय सेन्सर, एवढेच या यंत्रणेचे भाग. सेन्सर चिकटवणे आणि नंबर साठवणे अर्ध्या तासाचे काम आहे. फक्त टू-जीवर चालणाऱ्या स्वस्त युनिटमध्ये जिओचे सिम घालू नये. ते चालत नाही.

खरी कसोटी युनिटच्या जागेची असते. ‘शंभर मीटरपर्यंत’ हे खोक्यावरचे आश्वासन मोकळ्या मैदानापुरते खरे असते. कोल्हापूरच्या पेठांमधील दगडी घरांत त्यावर विसंबू नये. शिवाजी पेठेतील आमच्या घरी मी युनिट सोप्यातल्या लोखंडी कपाटावर ठेवले, स्वयंपाकघरातून बटण दाबून भोंगा ऐकला आणि निर्धास्त झालो. पुढे आई न्हाणीत घसरली. तिने बटण दाबले, त्यावरचा लाल दिवाही लागला, पण भोंगा वाजला नाही; शेजारच्या काकूंनी हाक ऐकली म्हणून निभावले. तो दिवा बटणाने संदेश सोडल्याचे सांगतो, युनिटला तो पोहोचल्याचे नव्हे, हे मला तेव्हा कळले.

म्हणून चाचणी न्हाणीतच, दार लावून, फरशीवर बसून आणि बटण ओल्या मुठीत छातीशी धरून घ्यावी, कारण शरीरातील पाणीही लहरी शोषून घेते. दहा वेळा दाबल्यावर नऊदा वाजला तरी जागा बदलावी. आमचे युनिट शेवटी माजघरात, डोक्याच्या उंचीवर, कपाट आणि फ्रिजपासून हातभर दूर लागले. ४३३ मेगाहर्ट्झच्या युनिटला बहुधा सुमारे १७ सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून असते. ती नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला शिडीवर चढू देऊ नये. एवढे करूनही भोंगा वाजला नाही, तर मधल्या बोळात रिपीटर, म्हणजे बटणाचा संदेश पकडून पुढे पाठवणारे उपकरण, लावावा.

महापुरात वीज दिवसचे दिवस जाते, हे येथे कोणाला सांगायला नको. युनिटमधील छोट्या बॅटरीवर न थांबता बाहेरून मोठी जोडावी. बटणातील लिथियम सेल संपेपर्यंत ठणठणीत भासतो आणि मग एकाएकी मान टाकतो. आम्ही तो दरवर्षी खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेआधी बदलतो.

पहिला नंबर पुण्यातल्या मुलाचा ठेवू नये. तो शेजाऱ्यांचा असावा, आणि घराची एक किल्लीही त्यांच्याकडे असावी.