जगातील देशांची आणि प्रदेशांची तुलना कशी करावी

‘सर्वांत मोठा देश कोणता?’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण क्षेत्रफळाने, लोकसंख्येने की उत्पन्नाने, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. म्हणून आकडे गोळा करण्याआधी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे.

दुसरी पायरी म्हणजे यादीत कोणाला घ्यायचे ते ठरवणे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत, तर व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन यांना निरीक्षकाचा दर्जा आहे. ग्रीनलंड, हाँगकाँग, प्युर्तो रिको हे स्वतंत्र देश नाहीत, तरीही अनेक तक्त्यांत त्यांची आकडेवारी वेगळी दिलेली असते. याने केवढा फरक पडतो, ते डेन्मार्कवरून कळते. एकट्या डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर आहे, पण त्याच राजसत्तेखालील ग्रीनलंड त्यात मिळवले, की तोच आकडा २२ लाखांच्या वर जातो.

आता मापाची व्याख्या वाचावी. हे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात. कॅनडाचे एकूण क्षेत्रफळ जवळपास १ कोटी चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे रशियाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. परंतु त्यातून सरोवरे आणि नद्या वजा करून फक्त जमीन मोजली, तर चीन आणि अमेरिका त्याच्या पुढे जातात. नकाशात काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती मोजण्याची पद्धत.

त्यानंतर एकूण आकडा हवा की दरडोई, हे ठरवावे आणि भागाकार करताना छेदात काय येते आहे, ते तपासावे. इजिप्तचे क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १० कोटींहून अधिक असल्याने घनता चौरस किलोमीटरमागे शंभराच्या थोडी वर निघते, मात्र जवळजवळ सगळी वस्ती नाईलचे खोरे आणि त्रिभुज प्रदेश यांत एकवटलेली असल्यामुळे प्रत्यक्षातील दाटी या सरासरीच्या कितीतरी पट आहे.

उत्पन्नाच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी बाळगावी. बाजारातील विनिमय दराने मोजल्यास अमेरिकेची अर्थव्यवस्था चीनपेक्षा मोठी ठरते. स्थानिक किमतींचा फरक लक्षात घेणाऱ्या क्रयशक्तीच्या निकषावर चीन पुढे असतो. आयर्लंडचे उदाहरण तर मुळातून समजून घेण्यासारखे आहे. २०१५ साली तेथील जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात झालेले एकूण उत्पादन, सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे पहिल्या अंदाजात जाहीर झाले, पण त्यामागे मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा हिशेबात आयर्लंडला हलवणे होते, सामान्य आयरिश कुटुंबाची मिळकत नव्हे. पुढे तेथील सांख्यिकी कार्यालयाने अशा बाबी वगळणारे वेगळे माप तयार केले.

राहणीमानासाठी १९९० पासून प्रसिद्ध होणारा मानव विकास निर्देशांक उपयोगी पडतो. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र येतात. मात्र देशांतर्गत विषमता या मूळ निर्देशांकात दिसत नाही, ती स्वतंत्रपणे पाहावी.

शेवटी प्रत्येक मापाला एक रकाना देऊन तक्ता करावा आणि आकड्यासोबत वर्ष न चुकता लिहावे. मग एकाच देशाचे क्रमांक आडवे वाचत जावे. लक्झेंबर्गसारखा देश दरडोई उत्पन्नात अगदी वर आणि एकूण उत्पादनात बराच खाली आढळला, की तेथे थांबावे. शेजारच्या देशांतून रोज कामाला येणारे हजारो लोक तेथील उत्पादनात भर घालतात, पण लोकसंख्येत मोजले जात नाहीत, ही गोष्ट अशाच ठिकाणी हाती लागते.