हायकूला नवे रूप देताना

बीओएस या संगणक प्रणालीचा वारसा चालवणारी हायकू ही प्रणाली जुन्या लॅपटॉपवरही चपळ चालते, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिच्या पिवळ्या पट्ट्या आणि राखाडी खिडक्या नव्वदच्या दशकातल्या वाटतात. बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम या कंपनीकडे गेली, त्याच वर्षी ओपनबीओएस या नावाने हे मुक्त स्रोताचे काम सुरू झाले आणि २००४ मध्ये त्याला हायकू हे नाव मिळाले. एवढ्या निष्ठेने जपलेल्या प्रणालीचा चेहरा बदलताना तिची ओळख पुसली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घरी १३६६ बाय ७६८ स्क्रीनच्या एका जुन्या लॅपटॉपवर मी हे काम ज्या क्रमाने केले, तोच क्रम येथे देत आहे.

आधी होम फोल्डरातील कॉन्फिगमध्ये असलेल्या सेटिंग्ज या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

सुरुवात रंगांपासून करण्याचा मोह होतो, पण खरा फरक फॉन्टने पडतो. डेस्कबारच्या, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातील मुख्य पट्टीच्या, मेनूतून प्रेफरन्सेसमधील अपिअरन्स उघडावे. हायकूमध्ये बटणांची उंची, मधल्या मोकळ्या जागा आणि चौकटींची मापे ही साध्या फॉन्टच्या आकारावरून ठरतात; त्यामुळे फॉन्ट १२ वरून १८ केला की केवळ अक्षरेच नव्हे, तर सगळी मांडणीच साधारण दीडपट होते. दाट पिक्सेलच्या नव्या स्क्रीनवर हाच उपाय करावा. आमच्या लॅपटॉपवर १३ पुरेसा झाला. बदल केल्यावर उघडी ॲप बंद करून पुन्हा सुरू करावी, कारण आधीच उघडलेल्या खिडक्या जुन्या मापांवरच राहतात. आपल्या आवडीचा फॉन्ट घालायचा असेल, तर त्याची फाइल कॉन्फिगमधील नॉन-पॅकेज्ड, त्यातील डेटा आणि त्यातील फॉन्ट्स या फोल्डरात ठेवावी. अँटीअलायझिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या कडा मऊ करण्याच्या, विभागात एलसीडी सबपिक्सेल आणि ग्रेस्केल असे दोन पर्याय असतात. दोन्ही लावून पाहावेत आणि अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसत असेल तर ग्रेस्केलच ठेवावा.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. देवनागरीचा उत्तम फॉन्ट घातला, तरी हायकूच्या मूळ ॲपमध्ये जोडाक्षरे जुळत नाहीत. एका फोल्डरला मी ‘चित्र’ हे नाव दिले, तेव्हा पहिली वेलांटी ‘च’च्या आधी न येता नंतर आली आणि ‘त’च्या पायाशी हलन्त उघडा पडून ‘र’ वेगळा उभा राहिला. हा दोष फॉन्टचा नसून अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेचा आहे; म्हणून फॉन्ट बदलत बसू नये. मराठी मजकुरासाठी क्यूटी या ॲप बनवण्याच्या साधनसंचावर बेतलेली ॲप वापरावीत, कारण त्यांची अक्षरजुळणी स्वतंत्र असते.

आता रंग. खिडकीच्या पृष्ठभागाचा मूळ राखाडी लाल, हिरवा, निळा या क्रमाने २१६, २१६, २१६ असा आहे. तो २४०, २४०, २४० केला की खिडकी एकदम स्वच्छ दिसू लागते. खिडकीच्या माथ्यावरील नावाच्या पट्टीचा २५५, २०३, ० हा झगझगीत पिवळा मी २४५, १६०, ५० वर आणला. हा आमच्या संत्र्याच्या सालीच्या जवळचा रंग असून त्यावर काळी अक्षरे ठसठशीत उठतात. गडद रूप हवे असेल, तर पृष्ठभाग आणि दस्तऐवजाची पार्श्वभूमी हे दोन्ही रंग बदलावे आणि मग रोजची सर्व ॲप एकेक करून उघडून पाहावीत, कारण काहींमध्ये रंग प्रोग्राममध्येच पक्के लिहिलेले असतात आणि काळ्यावर काळी अक्षरे उमटतात. रंगांची परीक्षा रात्री दिव्याखाली करू नये. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, दुपारी दोन वाजता कूलरच्या खिडकीपाशी बसून मी गडद स्क्रीन पाहिली, तेव्हा तिच्यात मजकुराऐवजी माझाच चेहरा दिसत होता. त्या दिवसापासून आमच्याकडे फिका पृष्ठभागच आहे.

डेस्कटॉपची निळी पार्श्वभूमी बॅकग्राउंड्समधून बदलता येते. तेथे शांत, एकरंगी छटा निवडावी. चिन्हे मात्र बदलू नयेत: हायकूची चिन्हे तिच्या स्वतःच्या व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनात, असतात, एकेक चिन्ह बहुधा एक किलोबाइटपेक्षाही लहान असते आणि ते ३२ वरून ६४ पिक्सेलवर नेले तरी कडा फाटत नाहीत. डेस्कबार उजव्या कोपऱ्यातून ओढून तळाशी नेला की तो आडवा होतो.

खिडकीची चौकट काढणारा डेकोरेटरही बदलता येतो, पण मी तो मूळचाच ठेवण्याचा आग्रह धरीन. खिडकीच्या रुंदीपेक्षा आखूड असलेली ती पट्टी केवळ शोभेची नाही. शिफ्ट दाबून ती बाजूला सरकवता येते, आणि विंडोज की दाबून एका खिडकीची पट्टी दुसरीच्या पट्टीवर नेऊन सोडली की दोन्ही खिडक्या एकाच चौकटीत, फाइलींच्या कप्प्यांसारख्या, एकत्र बसतात. वेगवेगळ्या ॲपच्या खिडक्याही अशा जोडता येतात. पत्र लिहिण्याची खिडकी आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदांचे फोल्डर मी रोज असेच एकत्र बांधून ठेवतो.