केदारकंठाला निघणाऱ्या आपल्या मंडळींसाठी तयारीची यादी

पहिलं काम बुटांचं नाही, पैशांचं आहे. आपण केदारकंठा चढणार ते मूकबधिर शाळेतल्या मुलांसाठी. तेव्हा गाडीचं तिकीट, ट्रेकची फी, कपडे, सगळं आपापल्या खिशातून. जमलेल्या रकमेतला एक रुपयाही त्यात जाता कामा नये. लोक विचारतील, "श्रवणयंत्रं सरकारी योजनेतून मिळतात ना?" मिळतात. पण त्यातला वाटाण्याएवढा सेल दहा-पंधरा दिवसांत संपतो. त्याच्या पाठीवरचं रंगीत स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि तो सुरू होतो. मग यंत्र बंद ठेवलं तरी तो उतरतच जातो. शिवाय मूल वाढतं तसा कानही वाढतो, कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं आणि साचा नवा करावा लागतो. वर्षभराचे सेल आणि साचे, एवढ्यासाठी आपण मागतोय. देणगी मागताना हे असंच सांगा.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकरातली सवलत (८०-जी) मिळत नाही, आणि नवी करपद्धत घेतलेल्यांना ती मुळातच नाही, हे आधी सांगितलेलं बरं. पॅन नंबर तेव्हाच लिहून घ्या, पुढे प्रमाणपत्रासाठी लागतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. त्यांचं नागरिकत्व अजून भारतीय असेल तर अडचण नाही. ते बदललं असेल तर संस्थेकडे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी (एफसीआरए) असल्याशिवाय त्यांचे पैसे घेता येत नाहीत, सख्खा भाऊ असला तरी. आपल्या खात्यातून फिरवूनही नको.

आणि एक अट कुणाचीही मान्य करू नका: "शिखरावर पोचलास तर इतके देईन." मागच्या खेपेला आमच्यातल्या एकाला त्याच्या काकांनी असेच ११,००० कबूल केले होते. रात्री तंबूत तो डोकं धरून बसला होता, चहासुद्धा पोटात टिकला नाही, तरी "मला काही होत नाही" हेच चाललेलं. पहाटे बूट घालायला बसला तेव्हा नाडीची गाठ काही केल्या जमेना. गाइडने त्याला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला तो कलंडला. विरळ हवेनेच त्याचा तोल जात होता. त्याला तिथूनच अंधारात खाली आणलं म्हणून निभावलं. ११,००० रुपयांची गोष्ट त्याने आम्हाला पायथ्याच्या सांकरी गावात पोचल्यावर सांगितली. म्हणून या वेळी देणगी आपण निघायच्या आधी जमा झाली पाहिजे, आणि माघारी फिरलेल्याला कुणी हिशेब विचारायचा नाही.

बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आणि केदारकंठा ३,८१० मीटर, म्हणजे १२,५०० फूट. माथ्यावर हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. विरळ हवा कुणाला बाधेल ते तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही बाधते. डोकं दुखलं, मळमळलं की लगेच सांगायचं, आणि बरं वाटेपर्यंत वर सरकायचं नाही. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही त्यांना सांगा. बीपी, साखर, दमा असलेल्यांनी तपासणी पुढे ढकलू नये.

सरावाला गावात चढच नाही. कमाटीबागेतल्या फेऱ्या सुरुवातीला ठीक, पण आठवडाभरात पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन सोसायटीचे जिने चढायला लागा. रविवारी पावागढ, पायी. रोपवे उतरतानाही नको, गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. जमलं तर एकदा गिरनार करा. दत्ताच्या पादुकांना जाऊन आलेल्यांना विचारा, त्या दहा हजार पायऱ्यांनंतर दुसऱ्या दिवशी मांड्यांचं काय होतं. एवढ्या सगळ्याला दोन महिने तरी हवेत.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालूनच मापा, अर्धा नंबर मोठाच बरा, आणि पावागढला तेच घाला. नखं कापून निघा, नाहीतर उतरताना अंगठे काळेनिळे होतात. अंगालगत सुती कपडा नको, घामाने भिजला की वाळत नाही. त्यावर लोकरी, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. काळा चष्मा विसरू नका, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये. पॅड लागणाऱ्यांनी वापरलेले परत आणायला जाड पिशव्याही घ्याव्यात.

लीलो चेवडो गाडीतच संपवा, तो टिकत नाही. वर न्यायला सुखडी, खजूर, शेंगदाणे. सुखडीचे तुकडे घरूनच नखाएवढे करून आणा; तूप गोठलं की मोठी वडी दातांनी तुटत नाही.

सांकरीच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. निघायच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी भरलेल्या सॅक घेऊन माझ्याकडे दांडिया बाजारला यायचं. काटा आणून ठेवते. दहा किलोच्या वर जी जाईल ती तिथेच उघडू.