वीज गेल्यावर पीएलसीतला प्रोग्रॅम उडतो, तेव्हा काय तपासावे

वीज परत येते, पॅनेलमधले दिवे लागतात, पण मशिन जागचे हलत नाही. लॅपटॉप जोडून पाहावे तर पीएलसीत, म्हणजे मशिन चालवणाऱ्या नियंत्रकात, प्रोग्रॅमच नाही. अशा वेळी सगळ्यांची घाई एकच असते: जुनी फाइल शोधा, प्रोग्रॅम भरा, उत्पादन सुरू करा. उत्पादन सुरू होतेही. पण प्रोग्रॅम ज्या कारणाने उडाला ते कारण जागच्या जागी राहते आणि पुढच्या खंडित वीजपुरवठ्यात पुन्हा तोच प्रकार होतो. म्हणून प्रोग्रॅम परत भरण्याआधी थोडा वेळ तपासाला द्याच. एकदा भरला की बरेचसे पुरावे पुसले जातात.

प्रोग्रॅम नेमका राहतो कुठे

सीपीयू, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम चालवणारा मुख्य भाग, चालताना प्रोग्रॅम रॅममध्ये असतो आणि रॅमची वीज तुटली की तिच्यातले सगळे जाते. यावर उत्पादकांनी वेगवेगळे उपाय केले, आणि तुमच्या सीपीयूत कोणता उपाय आहे हे कळल्याशिवाय पुढचा तपास आंधळा ठरतो.

मित्सुबिशीच्या एफएक्स२एन आणि एफएक्स३यू मालिकेत प्रोग्रॅम बॅटरीच्या आधारावर रॅममध्ये टिकतो. एफएक्स३जीमध्ये मात्र ईईप्रॉम (वीज नसतानाही माहिती टिकवणारी मेमरी) आहे, तिथे प्रोग्रॅमसाठी बॅटरी लागत नाही. सीमेन्सच्या एस७-४०० मध्ये बॅटरी सीपीयूत नसून पॉवर सप्लाय मॉड्यूलमध्ये बसते. नंतरच्या पिढीतील एस७-३०० सीपीयूंना बॅटरीच नाही, प्रोग्रॅम मायक्रो मेमरी कार्डावर असतो. एस७-१५०० तर कार्डाशिवाय चालतच नाही, आणि एस७-१२०० मध्ये आतच फ्लॅश मेमरी असते. ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्स एल६एक्स सीपीयूला बॅटरी लागते. पुढच्या एल७एक्समध्ये ऊर्जा साठवणारे छोटे मॉड्यूल असते आणि वीज जाताच त्या साठ्यावर सीपीयू प्रोग्रॅम कायमस्वरूपी मेमरीत उतरवून घेतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे सीपीयूच्या बाजूवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचून घेणे आणि त्याच क्रमांकाचे मॅन्युअल उघडणे. मालिकेच्या नावावर विसंबू नका. एकाच मालिकेतल्या दोन सीपीयूंची मेमरीची रचना वेगळी असू शकते.

पहिली पायरी: खरोखर काय गेले ते ठरवा

‘प्रोग्रॅम उडाला’ असा निरोप येतो, पण त्यामागे निरनिराळे दोष असतात. माझ्या मते निम्मा तपास इथेच संपतो, म्हणून या पायरीवर रेंगाळायला हरकत नाही.

लॅपटॉप जोडा आणि फक्त वाचा, काहीही लिहू नका. प्रोग्रॅमची जागा रिकामी दिसली तर प्रोग्रॅम खरोखर गेला आहे. बॅटरी, कार्ड किंवा सीपीयू यांच्याकडे संशय जातो. प्रोग्रॅम आहे, पण सीपीयू स्टॉपमध्ये थांबला आहे, असे दिसले तर काही गेलेलेच नाही. एखादे इनपुट-आउटपुट मॉड्यूल उशिरा सुरू झाले असेल, नेटवर्कवरचे एखादे उपकरण सापडले नसेल, किंवा वीज आल्यावर सीपीयूने रनमध्ये जावे असे सेटिंगच नसेल. अशा वेळी प्रोग्रॅम पुन्हा भरून मशिन चालू झाले तर चुकीचा निष्कर्ष पक्का होतो.

तिसरा प्रकार फसवा असतो. प्रोग्रॅम आहे, चालतोही, पण तो जुना आहे. मधल्या काळात कोणी ऑनलाइन, म्हणजे चालू पीएलसीत थेट, बदल केले, ते रॅममध्ये गेले, मेमरी कार्डावर किंवा कॅसेटवर मात्र जुनीच प्रत राहिली. वीज येताच सीपीयूने कार्डावरची प्रत उचलली. एस७-४०० मध्ये फ्लॅश कार्ड असेल आणि बॅटरी संपलेली असेल तर हेच होते. कंट्रोललॉजिक्समध्ये कार्डावरून प्रोग्रॅम कधी उचलायचा याचे सेटिंग असते: दर वेळी वीज येताच, मेमरी बिघडली तरच, किंवा कोणी सांगितले तरच. यातले पहिले निवडलेले असेल तर ऑनलाइन केलेला प्रत्येक बदल पुढच्या वीज खंडात पुसला जाणार. अशा ठिकाणी बॅटरी बदलून काहीही साधत नाही. कार्डावरची प्रत ताजी करावी लागते.

चौथा प्रकार म्हणजे प्रोग्रॅम शाबूत, पण आकडे गेले. रेसिपी, मोजण्या, वेळा, जागेचे संदर्भ शून्यावर येतात. पीएलसीतली सगळीच माहिती वीज गेल्यावर टिकत नाही, टिकण्याचा पट्टा ठरवून द्यावा लागतो. एस७-३०० मध्ये मूळ सेटिंगनुसार मार्करपैकी (प्रोग्रॅमने माहिती ठेवायच्या मेमरीतल्या जागांपैकी) एमबी० ते एमबी१५ एवढेच टिकतात. महत्त्वाचा आकडा एमबी४० मध्ये ठेवला असेल तर तो जाणारच, त्यात बिघाड कसलाच नाही. इथेच प्रोग्रॅममधला सुरुवातीचा भागही वाचा. एफएक्समधला एम८००२, एस७-२०० मधला एसएम०.१, ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसीमधला एस:१/१५ हे बिट पहिल्या स्कॅनपुरते, म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीपुरते, चालू होतात, आणि पुष्कळदा त्यांच्यावरच मेमरी शून्य करणारी सूचना लिहिलेली असते. मग आकडे पुसणारा खुद्द प्रोग्रॅमच असतो.

दुसरी पायरी: पुरावे जपून ठेवा

सीपीयू, पॉवर सप्लाय आणि प्रत्येक मॉड्यूलवरच्या दिव्यांचे फोटो काढा. लुकलुकणारे दिवे फोटोत कळत नाहीत, म्हणून छोटा व्हिडिओही घ्या. डायग्नोस्टिक बफर (सीपीयूने स्वतः ठेवलेली घटनांची यादी) किंवा फॉल्टची नोंद असेल तर ती फाइल म्हणून साठवा. सीपीयूत जे काही उरले आहे ते वेगळ्या नावाने लॅपटॉपवर घ्या.

सीपीयूचे घड्याळ पाहायला विसरू नका. तारीख-वेळ बरोबर असेल तर बॅकअपची वीज शेवटपर्यंत पोहोचत होती, असा जोरदार संकेत मिळतो. घड्याळ एखाद्या जुन्या मूळ तारखेपासून पुन्हा चालू झाले असेल तर बॅकअप तुटलेला होता. मात्र काही सीपीयूंमध्ये घड्याळाचा आधार वेगळा असतो, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

तिसरी पायरी: वीज किती वेळ नव्हती?

या प्रश्नाचे उत्तर ऑपरेटरकडे असते आणि ते फार मोलाचे असते. पाच-दहा सेकंदांच्या खंडातही प्रोग्रॅम जात असेल तर बॅकअपची वाटच तुटलेली आहे: बॅटरीचा कनेक्टर सुटलेला, संपर्कपट्ट्यांवर गंज, किंवा सीपीयूच्या बोर्डात दोष. थोड्या वेळाच्या खंडात सगळे टिकते, पण सुटीनंतर उघडल्यावर सगळे रिकामे, असे होत असेल तर कपॅसिटर काम करतो आहे आणि बॅटरी मेली आहे. बऱ्याच सीपीयूंमध्ये बॅटरीशिवाय कपॅसिटरही असतो आणि तो काही काळ मेमरी सांभाळतो. एस७-२०० मालिकेतल्या सीपीयू २२२ चा कपॅसिटर साधारण ५० तास माहिती धरतो. शनिवार-रविवार जेमतेम निभतो, चार दिवसांची सुटी निभत नाही.

लांब खंडात टिकते आणि एखाद्या क्षणिक झोक्यातच जाते, असा उलटा प्रकार दिसला तर बॅटरी सोडा. तिथे वीजपुरवठा आणि विद्युत गोंगाट तपासा.

चौथी पायरी: बॅटरी

मल्टिमीटर लावला, ३.६ व्होल्ट दिसले, बॅटरी चांगली, असा निष्कर्ष काढू नका. पीएलसीत वापरली जाणारी ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी आयुष्यभर जवळजवळ सारखाच व्होल्टेज दाखवते आणि अगदी शेवटी एकदम कोसळते. शिवाय भाराविना घेतलेले माप तिची ताकद सांगतच नाही. तिचे वय हाच भरवशाचा निकष आहे. बसवल्याची तारीख माहीत नसेल तर बदलूनच टाका.

कपाटात वर्षानुवर्षे पडलेली नवी बॅटरीही गोंधळात टाकते. साठवणुकीत आतल्या लिथियमवर एक थर जमतो आणि भार पडताच काही काळ व्होल्टेज खाली जातो. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचून घ्या. नवी बसवूनही इशाऱ्याचा दिवा जात नसेल तर बॅटरीची दिशा, कनेक्टर आणि संपर्कपट्ट्या तपासा. इशारा हाताने रीसेट करावा लागतो का, तेही पाहा.

एफएक्समध्ये डी८००५ या रजिस्टरमध्ये बॅटरीचा व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या एककात वाचता येतो. तो ठरलेल्या पातळीखाली गेला की एम८००५ चालू होतो. एसएलसीमध्ये यासाठी एस:५/११ हा बिट आहे.

बदलण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी. एस७-४०० मध्ये वीज चालू ठेवून बॅटरी बदलतात, बंद करून काढली तर मेमरी जाते. एफएक्स२एनमध्ये वीज बंद करून जुनी काढल्यापासून २० सेकंदांच्या आत नवी जोडायची असते. काहीही असो, आधी पूर्ण प्रत लॅपटॉपवर घेतल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका.

पाचवी पायरी: कार्ड

कार्ड पूर्ण बसले आहे का, त्याच्यावरची लिहिण्यास मनाई करणारी खिटी कोणत्या बाजूला आहे, मूळ उत्पादकाचे आहे का, ते पाहा. सीमेन्सचे कार्ड विंडोजमधून फॉरमॅट करू नका, त्यानंतर सीपीयू ते स्वीकारेनासा होऊ शकतो. सीपीयू लिहीत असताना कार्ड ओढणे किंवा वीज जाणे यानेही आतली माहिती बिघडते. प्रोग्रॅममधून कार्डावर किंवा ईईप्रॉमवर दर मिनिटाला काही साठवले जात असेल तर ती सवय लगेच थांबवा. या मेमरीत लिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असतात.

सहावी पायरी: वीजपुरवठा

सीमेन्सच्या अनेक सीपीयूंना २४ व्होल्टचा पुरवठा २०.४ ते २८.८ व्होल्टच्या मर्यादेत हवा असतो. साधे मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही. किमान आणि कमाल नोंदवणारे मीटर किंवा ऑसिलोस्कोप लावा आणि मोठी मोटर सुरू होताना, सोलेनॉइड ओढले जाताना पाहा. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतील तर पुरवठ्यात लहरी वाढलेल्या दिसतात, आणि वीज जाताना तो सीपीयूला सावरायला वेळही देत नाही. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर तिची उसळी शोषणारे सप्रेसर किंवा डायोड आहेत का, अर्थिंग घट्ट आहे का, तेही बघा. सीपीयूसाठी वेगळा पुरवठा आणि डीसी यूपीएस हा उपाय मला सर्वांत परवडणारा वाटतो, विशेषतः जिथे वीज वारंवार झोके घेते तिथे.

एवढे सगळे नीट असूनही प्रोग्रॅम जात असेल तर सीपीयूच संशयित. शक्य असल्यास तो चाचणी टेबलावर, स्वच्छ वीजपुरवठ्यावर लावून तीच परीक्षा घ्या. तिथेही प्रोग्रॅम गेला तर सीपीयू बदला.

सातवी पायरी: प्रोग्रॅम परत भरणे

आता फाइल. ती शेवटची आहे का, याची खात्री तारखेवरून करू नका, मशिनवर झालेल्या बदलांच्या नोंदीशी ताडून पाहा. अपलोड म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपकडे आणि डाउनलोड म्हणजे लॅपटॉपकडून पीएलसीत. मित्सुबिशीत यालाच रीड आणि राइट म्हणतात. दिशा चुकली तर हातातली एकमेव प्रतही जाते, म्हणून बटण दाबण्याआधी पडद्यावरचा संदेश पूर्ण वाचा.

माणसे मशिनपासून दूर ठेवा. मोटर आणि हायड्रॉलिक्सची मुख्य वीज तोडून कुलूप लावा, नियंत्रणाची वीज तेवढी चालू ठेवा. प्रोग्रॅम भरल्यावर रजिस्टरमधले आकडे शून्य किंवा जुने असू शकतात, आणि मशिनला स्वतःची जागा माहीत नसते. वेग, मर्यादा, वेळा एकेक करून तपासा, इनपुट हाताने हलवून पाहा, इमर्जन्सी स्टॉप दाबून पाहा, मगच मुख्य वीज द्या आणि पहिली फेरी कमी वेगात, हाताने चालवा.

पुढच्या वेळेसाठी

पूर्ण बॅकअपमध्ये मूळ प्रोजेक्ट फाइल लागते. अनेक पीएलसींमधून परत घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये टिपा आणि नावे नसतात आणि तो वाचणे फार कष्टाचे जाते. ऑपरेटर पॅनेलचा प्रोग्रॅम, ड्राइव्हचे पॅरामीटर, पासवर्ड आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती हेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. एक प्रत त्या लॅपटॉपबाहेर हवी. चालू मूल्यांची वेगळी प्रत घ्या. बॅटरी कमी झाल्याचा बिट ऑपरेटरच्या पडद्यावर अलार्म म्हणून आणा, कारण बंद पॅनेलच्या आतला छोटा लाल दिवा कोणी पाहत नाही. बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहा. जुनी बॅटरी जाळू नका, चार्ज करू नका, तिची टोके चिकटपट्टीने झाकून बॅटरी संकलनात द्या.

शेवटी परीक्षा घ्या. वीज दहा सेकंद बंद करून पाहिली म्हणजे चाचणी झाली असे होत नाही, तेवढा वेळ कपॅसिटरही काढतो. प्रत घेतलेली असताना आधी काही मिनिटे, मग तासभर, मग नियोजित बंदच्या दिवशी कपॅसिटरच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ पॅनेल पूर्ण बंद ठेवा. वीज आल्यावर सॉफ्टवेअरमधून सीपीयूतला प्रोग्रॅम आणि लॅपटॉपवरची प्रत यांची तुलना करा, घड्याळ पाहा, आणि निकाल तारखेसह पॅनेलच्या दारात लावलेल्या कागदावर नोंदवा.