ओल्या पॅडवरचा पहिला ड्रिफ्ट: मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घसरवायला शिकताना

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी स्पोर्ट्स कार ओल्या डांबरावर आडवी करायला, म्हणजे मागचा भाग बाजूला घसरवत ड्रिफ्ट करायला, फारसे कौशल्य लागत नाही. पहिला गिअर, पूर्ण वळवलेले स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरवर जोराचा पाय, एवढ्यावर गाडीचा मागचा भाग सुटतो. खरे कौशल्य लागते ते सुटलेला मागचा भाग हव्या त्या कोनात धरून ठेवायला, आणि त्याहून जास्त ते गाडी गरकन न फिरवता पुन्हा सरळ करायला. नव्याने शिकणारे बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात. हँडब्रेक ओढून गाडी वळणात फेकायची कशी, यापासून त्यांची सुरुवात होते आणि गाडी फेकल्यानंतर पुढे काय करायचे ते त्यांना ठाऊक नसते. या मार्गदर्शिकेत म्हणूनच हँडब्रेक बराच उशिरा येतो.

प्रत्येक टायरजवळ पकडीचा साठा एकच असतो. गाडी पुढे ढकलणे, थांबवणे आणि वळणावर बाजूला न सरकणे ही तिन्ही कामे त्याच साठ्यातून भागवावी लागतात. वळणात असताना मागच्या चाकांना जास्तीची ताकद दिली की साठ्याचा मोठा हिस्सा पुढे ढकलण्यात खर्च होतो, बाजूची पकड अपुरी पडते आणि मागचा भाग बाहेर सरकू लागतो. पुढच्या चाकांवर मात्र हा ताण नसल्यामुळे ती दिशा देण्यासाठी मोकळी राहतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्या हँडब्रेकने क्षणभर घसरवता येतात, पण अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर ती घसरण टिकवता येत नाही.

यासाठी प्रचंड ताकदीची गाडी हवी, हा समज चुकीचा आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी टुरिंग कारच्या शर्यतींत वळणे घसरत घेण्याची शैली गाजवली, आणि ती पाहून शिकलेल्या केइची त्सुचिया यांचे नाव ज्या गाडीशी कायमचे जोडले गेले ती १९८३ साली आलेली टोयोटाची एई८६. तिचे इंजिन होते अवघे १.६ लिटरचे, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती आणि वजन एक टनाच्या आत. तिचीच वारस म्हणून २०१२ मध्ये बाजारात आलेली टोयोटा जीटी८६ ही शिकण्यासाठी आजही उत्तम गाडी आहे, आणि पुढची उदाहरणे तिच्याच संदर्भात दिली आहेत. दोन लिटरचे इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती, हाताने ओढायचा हँडब्रेक आणि २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर असा तिचा संच आहे. ते टायर टोयोटाच्याच प्रियस या काटकसरी गाडीलाही येत असत. कंपनीने ते जाणूनबुजून निवडले होते, कारण पकड जितकी माफक तितकी गाडी कमी वेगात आणि हळुवारपणे सुटते. ही गाडी भारतात विकली गेली नाही, त्यामुळे हे शिक्षण जर्मनी, ब्रिटन, जपान किंवा आखातात राहणाऱ्या वाचकांना तुलनेने सहज मिळू शकते. भारतात मिळणाऱ्या मागच्या चाकांवरच्या बहुतेक आलिशान सेडान ऑटोमॅटिक असतात आणि त्यांचा पार्किंग ब्रेक बटणाचा असतो, ही अडचण आधीच लक्षात घ्यावी.

जुनी गाडी घेताना एक गोष्ट अवश्य तपासावी, ती म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणाच्या आतल्या बाजूचे, हलके झालेले चाक एकटेच गरगर फिरते, धूर निघतो आणि घसरण तिथेच मरते. लिमिटेड-स्लिप असेल तर ताकद दोन्ही मागच्या चाकांकडे जाते आणि ती दोन्ही एकाच वेळी सुटतात. जीटी८६ च्या बहुतेक आवृत्त्यांत टॉर्सन पद्धतीचे असे डिफरन्शियल कंपनीकडूनच येत असे, परंतु काही स्वस्त आवृत्त्यांत ते दिलेले नव्हते.

जागेचा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा. जर्मनीत एडीएसी या वाहनचालक संघटनेची सुरक्षित वाहनचालन केंद्रे आहेत आणि तिथे पाणी मारलेले निसरडे पट्टे, म्हणजेच ओले पॅड, असतात. अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर ड्रिफ्टचे धडे मिळतात. जपानमध्ये फुकुशिमा प्रांतातल्या निहोनमात्सु इथले एबिसु सर्किट तर या खेळाचे माहेरघरच, आणि तिथे नवशिक्यांपासून भिंतीला चाटून जाणाऱ्यांपर्यंत सर्वांसाठी वेगवेगळे ट्रॅक आहेत. भारतात कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक यांच्या व्यवस्थापनाशी आधी बोलून, लेखी परवानगी घेऊनच जावे. रविवारी ओस पडलेला एमआयडीसीतला रस्ता किंवा पहाटेचा घाट हा कितीही मोकळा दिसला तरी सार्वजनिक रस्ताच असतो. मोटार वाहन कायद्याचे धोकादायक वाहनचालनाविषयीचे कलम १८४ तिथे लागू होते, आणि कठड्यापलीकडे दरी असलेल्या घाटात तर कायद्याचा विचार करण्याचीही वेळ येत नाही.

पॅडवर उतरण्यापूर्वी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी. पाण्याची बाटली ब्रेकच्या पायपट्टीखाली गेली तर काय होईल, याची कल्पना करून पाहिली की आळस होत नाही. चाकांचे नट, इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल तपासावे. पुढचे टायर चांगले असावेत, मागचे जुने चालतील, पण तार दिसणारे नकोत. आसन असे लावावे की पाठ पूर्ण टेकलेली असताना सरळ ताणलेल्या हाताचे मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर विसावेल आणि क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. हेल्मेट घालावे. जीटी८६ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे) बटण नुसते एकदा दाबल्याने स्थिरता राखणारी यंत्रणा पूर्ण बंद होत नाही. गाडी थांबलेली असताना ते बटण तीन सेकंदांहून जास्त वेळ दाबून धरावे लागते. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण घसरण का तुटते म्हणून स्वतःच्या पायाला दोष देत बसतात.

गोल फिरणे

पॅडच्या मध्यभागी रस्त्यावर ठेवतात तसा एक शंकू ठेवावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये त्याभोवती दहा-बारा मीटर त्रिज्येने फिरायला सुरुवात करावी. वेग अगदी सावकाश वाढवत नेला की आधी पुढची चाके बाहेर सरकू लागतात आणि स्टिअरिंग हलके लागते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग नसतो, पाय थोडा उचलला की पुढची पकड परत येते. त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबला तर आता मागचा भाग सुटतो. पहिल्या काही फेऱ्यांत घसरण टिकवण्याचा मोह टाळावा आणि फक्त ती सावरावी: स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला सोडायचे, पाय हळूहळू कमी करायचा आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही तिच्याबरोबर सरळ आणायचे. गाडी हाताबाहेर गेलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम तळापर्यंत दाबून ती थांबू द्यावी. ही सवय विचार न करता होईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर त्याच शंकूभोवती घसरण टिकवायला घ्यावी. गाडी जवळजवळ थांबलेली, पहिला गिअर, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, इंजिन साधारण ४,००० आरपीएमवर, आणि क्लच झटक्यात सोडायचा. मागचा भाग फिरू लागताच स्टिअरिंग ओढत बसू नये. पुढच्या चाकांची बसवणूकच अशी असते की गाडी ज्या दिशेला सरकत असते तिकडे ती आपोआप वळतात. तळहात सैल सोडले की स्टिअरिंग हातांतून सरसर फिरत जाते आणि योग्य कोनाशी आल्यावर त्याचा वेग मंदावतो. तिथे ते पकडायचे. अंगठे रिमच्या आत अडकवू नयेत, स्टिअरिंगचा आरा लागला तर अंगठा दुखावतो. इथे शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक होते ती हातांच्या अविश्वासाने: तो स्टिअरिंग घट्ट धरतो, पुढची चाके वळायला उशीर होतो आणि गाडी स्वतःभोवती फिरून उलटी उभी राहते.

स्टिअरिंग पकडल्यावर सूत्रे पायाकडे जातात. अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवला की मागचा भाग आणखी बाहेर जातो, थोडा कमी केला की गाडी शंकूकडे ओढली जाते आणि तिरपेपणा उतरतो. ‘थोडा’ म्हणजे बुटाच्या आत अंगठा दाबण्याइतका. पाय कसा चालला आहे हे इंजिनाच्या आवाजावरून समजते. सूर सलग असेल तर ठीक, तो खालीवर होत असेल तर पाय पंप मारतो आहे असे समजावे. नजर बॉनेटवर नको, ती बाजूच्या काचेतून शंकूवर हवी. जिथे बघाल तिथे हात नेतात, ही गोष्ट पटायला दोन-तीन फेऱ्या पुरतात.

याच टप्प्यावर सर्वांत धोकादायक चूक समजून घ्यावी. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की मागच्या टायरांना पकड अचानक परत मिळते, पण पुढची चाके अजून उलट दिशेला वळलेली असतात. गाडी त्या दिशेला फटकन फेकली जाते, आणि हा उलटा हिसका पहिल्या घसरणीपेक्षा जोरदार असतो. सार्वजनिक रस्त्यांवर हौसेने केलेल्या घसरणीचा शेवट समोरच्या झाडावर किंवा दुभाजकावर होतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. पाय टप्प्याटप्प्याने उचलावा आणि हात पायाच्या आधी सरळ आलेले असावेत.

आठचा आकडा

दोन्ही दिशांना गोल फिरणे जमू लागल्यावर दुसरा शंकू पंचवीस-तीस मीटरांवर ठेवावा आणि आठचा आकडा काढावा. एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना गाडीचे वजन झोपाळ्यासारखे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. मध्यभागी येताना पाय कमी करायचा, गाडी सरळ होऊन दुसरीकडे झुकू द्यायची, स्टिअरिंग सोडून द्यायचे आणि नजर आधीच दुसऱ्या शंकूवर नेऊन ठेवायची. मग स्टिअरिंग पकडून पुन्हा रेस. चुकते ती बहुधा रेसची वेळ: झोका पूर्ण होण्याआधी दिली तर गाडी सरळ निघून जाते, उशीर झाला तर ती फिरते. या एका सरावावर बाकी सर्व सरावांपेक्षा जास्त वेळ द्यावा, कारण ट्रॅकवर एका वळणातून दुसऱ्यात जाणे म्हणजे हेच, फक्त जास्त वेगात.

वळणात शिरण्याच्या युक्त्या आता शिकाव्यात. क्लच किक म्हणजे रेस कायम ठेवून क्लच क्षणभर दाबून सोडणे. कमी ताकदीच्या गाडीला ती फार उपयोगी पडते, पण क्लचचे आयुष्य खाते. हँडब्रेक ओढताना क्लच दाबलेला असावा, टोकावरचे बटण दाबूनच ठेवावे आणि ओढून लगेच सोडावे, नाहीतर मागची चाके जाम राहतात आणि घसरण मंदावते. फेंट म्हणजे आधी वळणाच्या उलट बाजूला किंचित वळून मग वळणात शिरणे. ती आठच्या आकड्यातूनच येते, म्हणून तो पक्का झालेल्यांना ती वेगळी शिकवावी लागत नाही.

कोरड्या डांबरावर पकड जास्त असल्याने वेगही जास्त लागतो आणि सुटलेली पकड परतही एकदम येते, त्यामुळे तिथला उलटा हिसका ओल्या पॅडपेक्षा कितीतरी कडक असतो. दोन्ही दिशांचा आठचा आकडा न अडखळता सलग निघू लागल्याशिवाय कोरड्यावर जाऊ नये. कमी वेग आणि जास्त आरपीएम यांमुळे रेडिएटरला वारा पुरत नाही, तेव्हा तापमानावर लक्ष ठेवावे आणि प्रत्येक सत्रानंतर गाडी लगेच बंद न करता दोन फेऱ्या सावकाश माराव्यात. जळक्या क्लचचा वास आला तर अर्धा तास थांबावे. घरी निघण्यापूर्वी चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि मागच्या टायरांच्या खाचा मोजाव्यात. जर्मनीत १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचे टायर रस्त्यावर चालत नाहीत, म्हणून मागच्या टायरांची दुसरी जोडी सोबत नेणे शहाणपणाचे ठरते.