विज्ञानकथेची कल्पना सुचली, आता तिचं काय करायचं?

मी शाळेत गणित शिकवते आणि पहाटे तासभर विज्ञानकथा लिहिते. माझ्या पहिल्या तीन कथा अर्ध्यावर थांबल्या, आणि तिघींचं दुखणं एकच होतं. सुचलेल्या कल्पनेलाच मी कथा समजत होते. 'माणसं मंगळावर राहायला गेली' ही कल्पना झाली. तिच्यात अजून कुणाचं काही अडलेलं नाही. कुणाचं तरी अडतं तेव्हा कथा सुरू होते, आणि ते अडणं निसर्गाच्या एखाद्या नियमामुळे असेल तर ती विज्ञानकथा होते.

हे कसं शोधायचं ते माझ्या चौथ्या कथेवरून सांगते. ती पूर्ण झाली.

सगळ्यात आधी, आजच्या जगात नेमका कोणता बदल करायचा ते एका ओळीत लिहा. एकच बदल. माझी ओळ होती: मंगळावर वस्ती आहे आणि तिथे माणसं वर्षानुवर्षं काम करतात. बाकी सगळं आजच्यासारखं. परग्रहवासी नाहीत, प्रकाशापेक्षा वेगवान संदेश नाहीत. नवखेपणी आपल्याला एका कथेत पाच शोध घालावेसे वाटतात. पण प्रत्येक नवा शोध आधीच्या अडचणीवर उपाय होऊन बसतो, आणि अडचण सुटली की कथेचा जीव जातो.

मग वहीचं एक पान घ्या आणि त्या बदलाशी जोडलेले खरे आकडे लिहून काढा. या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. माझ्या पानावर असं होतं: मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, सर्वांत लांब जातो तेव्हा चाळीस कोटींवर. रेडिओसंदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश पोचायला कधी ३ मिनिटं, कधी २२. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. प्रवासाला सहा ते नऊ महिने, आणि निघण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा येते.

आता प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहायचा: हा कुणाला छळेल? दिवसाच्या लांबीचा आकडा माझ्या फार आवडीचा होता. दोन्हीकडची घड्याळं रोज चाळीसेक मिनिटांनी सरकतात आणि साधारण ३६ दिवसांनी पुन्हा जुळतात. पण त्याने माणसांची फक्त गैरसोय होत होती, कुणाचं काळीज हलत नव्हतं. कथेत त्याला एक वाक्य मिळालं. आवडता आकडा सोडता आला पाहिजे.

छळणारा आकडा निघाला २२ चा. विचारलं आणि उत्तर आलं, यात ४४ मिनिटं. एवढ्या वेळात कोण दुखावेल? ज्याला आपण काय विचारलं तेच आठवत नाही, तो. मला एक म्हातारे वडील दिसले, ज्यांची स्मृती जात चालली आहे आणि ज्यांची मुलगी मंगळावर आहे. तिचं उत्तर येईपर्यंत त्यांचा प्रश्न पुसला गेलेला असतो.

इथे मी नायिका म्हणून मुलगीच धरली होती, कारण मंगळावर ती होती. आठ पानं लिहिली आणि ती कोरडीच राहिली. तेव्हा वहीत विचारलं, या नियमाची रोजची किंमत कोण मोजतो? वडिलांशेजारी बसलेला धाकटा भाऊ. ती ४४ मिनिटं तोच सांभाळतो. कथा त्याची झाली. तुमच्या कल्पनेतही तंत्रज्ञानाच्या सर्वांत जवळ असलेलं पात्र आणि सर्वांत जास्त सोसणारं पात्र वेगवेगळं असू शकतं. दुसरं घ्या.

घटनाक्रमासाठी मी पुन्हा त्याच पानाकडे गेले. मंगळ सर्वांत जवळ असतो तेव्हापासून तो सूर्यापलीकडे जाईपर्यंत सुमारे १३ महिने लागतात. म्हणजे बहिणीचं उत्तर महिन्यामहिन्याने लांबत जाणार, आणि शेवटी सूर्य मध्ये आला की साधारण दोन आठवडे संपर्क भरवशाचा राहत नाही. हा चढ मी रचलेला नाही, ग्रहांच्या कक्षांनी दिला. तुमच्या विषयातही काहीतरी हळूहळू वाढत किंवा घटत असेल: तापमान, प्राणवायू, इंधन, अंतर. कथा त्याच्या पाठीवर बसवा.

कच्चा आराखडा झाला की विज्ञानात मुरलेल्या आणि विज्ञानाशी संबंध नसलेल्या अशा एकेका माणसाला तो तोंडी सांगा. पहिला चूक पकडतो, दुसरा कंटाळा. माझ्या मैत्रिणीने लगेच विचारलं की सूर्याला वळसा घालून संदेश नेणारा उपग्रह तोवर कुणी सोडला नसेल का? प्रश्न रास्त होता. दोन दिवस मी अस्वस्थ होते. मग उपग्रह ठेवला, पण तो फक्त तातडीच्या संदेशांसाठी. आता भावाला अर्ज भरायचा आहे आणि कारणाच्या रकान्यात 'मरणासन्न' लिहिल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. वडील मरत नाहीत, ते मुलीला विसरत आहेत. तो खोटं लिहील का? कथेचा गाभा मला त्या हरकतीतून मिळाला. म्हणून वाचकाला सापडलेलं भोक घाईने बुजवू नका, आधी त्यातून डोकावून बघा.

माहिती किती द्यायची? पात्राला ज्या क्षणी लागते तेव्हा, तेवढीच. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट भाऊ डॉक्टरांना समजावून सांगायला लागला की मी ते संवाद खोडते. माझ्या वहीतल्या आकड्यांपैकी निम्मेसुद्धा कथेत आले नाहीत, पण ते माहीत असल्यामुळे पात्रं चुकीच्या वेळी चुकीचं बोलली नाहीत.

पहिलं वाक्य मी शेवटी लिहिते, नियम आणि माणूस दोन्ही त्यात मावतील असं. या कथेचं अकराव्या खर्ड्यात सापडलं:

'ताईचं उत्तर यायला अजून एकतीस मिनिटं होती, आणि अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं, "आपण कुणाची वाट बघतोय रे?"'