‘कळलं का?’ला मान डोलावण्याआधी

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वस्तीतल्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिने मी पॅकिंग आणि तपासणीचं काम शिकले. बॅचमध्ये शाळा अर्धवट सुटलेली मुलं होती, घरातून पहिल्यांदाच कामाला निघालेल्या बायका होत्या, तुरुंगातून सुटून आलेले एक काका होते. तुम्हीही अशा केंद्रात जाणार असाल, तर नाव कसं नोंदवायचं, कागदपत्रं कुठली, ते केंद्रात सांगतीलच. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

“कळलं का?” विचारलं की मी मान डोलवायचे. कळलेलं नसायचं. पण तिथल्या ताई समोर उभं राहून बोलायच्या, करून दाखवायच्या, उरलेलं मी शेजारणीचं बघून उचलायचे. खपून गेलं, आणि सवय लागली.

नोकरीवर टेबलाच्या दोन्ही बाजूंना मशीनं होती. कानातलं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, आणि बोलणारा दोनेक मीटरपलीकडे गेला की शब्द गोंगाटात बुडतात. म्हणून मी ओठ वाचते. आता आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता आधी “पास” म्हणा, मग “बास” म्हणा. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात, कारण प, ब, म या तिन्हींना ओठ मिटतात. त्या दिवशी लेबलांवर तारीख चुकीची छापली होती. सुपरवायझर टेबलाच्या त्या टोकाकडून म्हणाले, “बास.” मी वाचलं, “पास.” “कळलं का?” मी मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खोके भरत राहिले. सगळे फोडावे लागले. दोन दिवसांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणाले.

कानांमुळे नोकरी गेली, असं मी कितीतरी दिवस धरून बसले होते. पण मला कमी ऐकू येतं हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. “आधी लागू दे, मग सांग,” असं एका ओळखीच्यांनी बजावलं होतं. असले सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा. “मग” कधी येत नाही. लिहिता-वाचता न येणारा न समजलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो, तीही मान डोलावणंच.

निवड झाली की पहिल्या दिवसाआधी सांगा. काय जमत नाही याची कहाणी नको, काय लागतं ते सांगा: “मला समोरून सांगा, आकडे लिहून द्या.” यात मिंधेपणा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारात कलम २७ मध्ये कामाच्या जागी अशी वाजवी सोय करण्याची तरतूद आहे. ऐकून तोंड वाकडं करणारेही भेटतील. मला दोन ठिकाणी भेटले. वाईट वाटतं, मग पुढचा अर्ज भरायचा.

केंद्र निवडताना नोकरीच्या हमीच्या पाटीवर जाऊ नका. मागच्या बॅचमधले किती जण सहा महिन्यांनंतरही कामावर आहेत ते विचारा. आणि मार्गदर्शक कामाच्या जागी येतात का, तेही. माझं मत ठाम आहे: वर्गात कितीही माया लावणाऱ्यापेक्षा पहिले दोन आठवडे तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहणारा माणूस लाख मोलाचा. जगात काही ठिकाणी आधी नोकरी आणि मग तिथेच शिकवणं, अशी पद्धत आहे. मला ती मिळाली असती तर “बास”चा घोळ पहिल्याच दिवशी सापडला असता. प्रमाणपत्रं मात्र गोळा करत बसू नका. मी नोकरी गेल्यावर भीतीपोटी आणखी दोन कोर्स केले, तोच वेळ वाया गेला.

घाबरू नका, “मला समोरून सांगा, आकडे लिहून द्या” हे वाक्य तोंडात बसतं. मी घरी मोठ्याने म्हणून म्हणून बसवलं. दुसऱ्या नोकरीत काम सुरू होण्याआधीच मी ते म्हणाले, तर सुपरवायझर थोडं थांबले आणि विचारलं, “मग थांबवायचं असेल तर काय करू?” मी तळहात उभा धरून दाखवला. आता ते सगळ्यांनाच तसं थांबवतात, मशीनं सुरू असताना तिथे कुणालाच धड ऐकू येत नाही.